कुणीतरी वायर काढतंय

“कुणीतरी माझी वायर काढली,” टाउनो दारातूनच म्हणाला.

बूट काढले नव्हते, टोपी काढली नव्हती, भुवयांवर दव गोठून पांढरं झालं होतं. मी कॉफी ओतत होते.

“कुठली वायर?”

“गाडीच्या हीटरची. आणखी कुठली असणार? काल लावून आलो होतो. आत्ता बघतो तर खांबाला गुंडाळून ठेवलीय. अशी नीट, वेटोळं करून! वर डब्याचं झाकण लावलंय. आणि इंजिन दगड झालंय.”

“विसरला असशील लावायला.”

मी हे सहज म्हटलं, जसं लग्नानंतर हजार वेळा म्हटलं असेल. पण टाउनोने माझ्याकडे असं पाहिलं की मला जीभ चावावीशी वाटली. ‘विसरणं’ हा शब्द शरद ऋतूपासून आमच्या घरात जपून वापरायचा झाला होता. तेव्हा तो दुकानात चष्मा विसरला, मग बँकेच्या कार्डाचा आकडा विसरला, मग एकदा धाकट्या भावाला मोठ्या भावाच्या नावाने हाका मारत बसला, आणि मोठा भाऊ तर केव्हाच वारलेला. आमची मुलगी मार्यूत औलूला असते. ती फोनवर म्हणाली, “आई, बाबांना डॉक्टरकडे ने.” मी म्हटलं, “तुझे बाबा लहानपणापासून असेच आहेत.” ते खरं नव्हतं.

“मी लावली होती,” टाउनो हळू म्हणाला. “हेल्वी, मी लावली होती.”

आणि त्याचं खरं असणार. बातम्या संपल्यावर तो कोट चढवून खाली गेला होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. परत आला तेव्हा गाल लाल होते आणि तोंडावर समाधान होतं. हिवाळ्यात रोज हेच. खाली जायचं, खांबावरच्या डब्याचं कुलूप उघडायचं, वायर गाडीच्या नाकात खुपसायची, चोवीस आकड्यांची तबकडी रात्रीच्या शेवटच्या तासांवर फिरवायची. म्हणजे पहाटेआधीच वीज आपोआप सुरू होते आणि निघेपर्यंत इंजिन हाताला कोमट लागतं. टाउनोने पस्तीसेक वर्षं साल्लाच्या रस्त्यावर बस चालवली. त्याची बस थंडीमुळे निघाली नाही, असं कधी घडलं नाही. लोक त्याच्या बसवर घड्याळ लावत. असा माणूस डिझेलच्या गाडीला हीटर लावायला विसरेल, यावर माझा विश्वास बसत नव्हता. आणि वायर आपणहून वेटोळं घालून बसेल, यावरही नाही.

“चल, केयोला बोलावू,” मी म्हटलं.

केयो आमच्या इमारतीचा रखवालदार. बर्फ ढकलतो, दिवे बदलतो, सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, पाळ्या लावतो आणि सगळ्यांच्या भानगडींत नाक खुपसतो. उणे एकतीसमध्येही तो कोटाची बटणं उघडी टाकून आला. त्याने खांबाला मीटर लावला, वायरला लावला, मग गुडघ्यांवर बसून आमच्या करड्या गाडीच्या नाकालाही लावला.

“वीज येतीय. वायर बरी आहे. हीटरही बरा आहे,” तो म्हणाला. “टाउनो, तुझ्याकडे भूत आहे.”

“भूत झाकण लावत नाही,” टाउनो म्हणाला.

“मग हेल्वी काढत असेल. तू घरी राहावास म्हणून.”

“मला तो घरी नकोच आहे,” मी म्हटलं. “पंपावर जाऊन त्या म्हाताऱ्या ड्रायव्हरांबरोबर कॉफी पीत बसला की माझा दिवस बरा जातो.”

केयो हसला. टाउनो हसला नाही. तो खांबाच्या पलीकडच्या जागेकडे बघत होता. आमच्या आवारात दोन गाड्यांच्या मध्ये एक खांब असतो आणि त्यावर दोन डबे, एक डावीकडच्याचा, एक उजवीकडच्याचा. डावा आमचा. उजवीकडची जागा रिकामी होती. बर्फावर चाकांचे ताजे माग होते.

“ती नवी नर्सबाई गेली वाटतं,” टाउनो म्हणाला.

“रोज जाते. पहाटेच,” केयो म्हणाला. “गंमत ऐक. तिला अजून डब्याची किल्लीच दिलेली नाही मी. जुनी हरवली, नवी यायचीय. म्हणजे तिच्या गाडीला हीटर नाही, काही नाही. तरी निघते.”

“डिझेल आहे ना ती?”

“डिझेलच. तुझी होती ना जुनी, तसली. तोच विटकरी रंग.”

“मग शक्य नाही,” टाउनो म्हणाला. “या थंडीत, हीटरशिवाय? शक्यच नाही.”

“मीही तिला तेच म्हटलं. तर म्हणते, माझी गाडी गुणी आहे.”

टाउनोने मान हलवली. गाडी गुणी असते, यावर त्याचा विश्वास नाही. गाडीची काळजी घेणारा गुणी असतो, असं तो मानतो. मग त्याने वायर लावली, आम्ही वर जाऊन दोन-दोन कप कॉफी प्यायलो, आणि दुपारी गाडी निघाली. पण तोवर पंपावरची मंडळी पांगली होती.

दुसऱ्या दिवशीही वायर निघाली होती. मग एक दिवस मध्ये बरा गेला, आणि पुन्हा तेच. टाउनोने वायर लावायची, कुणीतरी ती काढून नीट गुंडाळून ठेवायची. त्याला काही सुचेना. तो स्वयंपाकघरात बोटाने टेबलावर खांब काढायचा, गाडी काढायचा, आणि मला समजावून सांगायचा, की हे बघ, इथून अशी वायर येते, इथे लागते. मी हो म्हणायचे. मग तो स्वतःच म्हणायचा, “लावली होती ना मी?” मी काही त्याच्याबरोबर खाली गेले नव्हते. मी टीव्हीवर हवामान बघत होते.

त्यात दाराच्या मुठीला एक पिशवी लटकलेली सापडली. आत राय या काळपट धान्याच्या पातळ पारीतल्या, भाताच्या सारणाच्या पोळ्या, ताज्या, कापडात गुंडाळलेल्या. आणि त्यांच्यावर टाउनोचा डाव्या हाताचा मोजा. तो मी ओळखणार नाही तर कोण? लाल काठ मीच विणला होता. दोन दिवस आम्ही तो शोधत होतो.

“हे कुणी ठेवलं?” मी जिन्यात ओरडले. जिना गप्प होता. आमच्या जिन्याला बोलायची सवय नाही.

टाउनोने पोळी उचलली, वास घेतला आणि खाल्लीसुद्धा.

“विष असेल!” मी म्हटलं.

“लोणी थोडं कमी आहे,” तो म्हणाला. “बाकी छान.”

मी पिशवी समोर घेऊन विचार करत बसले. माणूस वायर काढतो, मोजा नेतो, मग मोजा परत देतो, वर खायलाही देतो. असला कसला चोर? आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती नर्स! तिच्याकडे डब्याची किल्ली नाही. तिची गाडी तरी निघते. का निघते? कारण आमची वायर उपसून ती आपल्या गाडीला लावते. पहाटे निघताना गुंडाळून ठेवते, झाकण लावते, म्हणजे कुणाला संशय नको. आणि मन खातं म्हणून पोळ्या! टाउनोचा मोजा खांबापाशी पडला असेल, तो तिने उचलला.

सांगते, मला इतका आनंद झाला की मी दोन पोळ्या खाल्ल्या. कुणाला वाटेल, चोरी सापडली म्हणून. तसं नव्हतं. मला चोर हवाच होता. चोर सापडला म्हणजे टाउनो ठीक होता. चोर सापडला म्हणजे मार्यूतला फोन करून सांगता आलं असतं, की बाई गं, तुझ्या बापाचं डोकं जागेवर आहे, आमच्या शेजारणीचं मन जागेवर नाही.

“टाउनो, वायर कोण काढतं ते मला कळलं,” मी म्हटलं.

“कोण?”

“नर्स.”

“ती कशाला काढेल? तिची गाडी तर…” मग वाक्य अर्धवट सोडून खिडकीतून खाली बघत बसला. “मस्त गाडी आहे ती,” तो म्हणाला. “आपली होती तशी.”

“आपली विकली,” मी म्हटलं. “चार हिवाळे झाले. मार्यूतने ही करडी घ्यायला लावली.”

“माहितीय मला,” तो जरा रागाने म्हणाला.

डॉक्टरची वेळ त्याच आठवड्यात होती. सत्तरी ओलांडली की लायसन्स पुढे चालू ठेवायला डॉक्टरचा दाखला लागतो, त्यात नवल काही नाही. पण मार्यूतने दवाखान्यात आधीच फोन करून ठेवला होता, हे मला तिथे गेल्यावर कळलं. डॉक्टर तरुण होता, नम्र होता, आणि टाउनोशी मोठ्याने बोलत होता. टाउनोचे कान उत्तम आहेत.

डोळे झाले, रक्तदाब झाला. मग डॉक्टरने कोरा कागद पुढे केला.

“एक घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं झालीत असं दाखवा.”

टाउनोने पेन्सिल घेतली. वर्तुळ इतकं गोल काढलं की मला अभिमान वाटला. मग त्याने कडेने आकडे लिहायला सुरुवात केली. बारावर थांबला नाही. तेरा, चौदा, पंधरा, पार चोवीसपर्यंत. सगळे सारख्या अंतरावर. मध्ये एकच बाण काढला, अकराच्या किंचित पुढे, आणि कागद परत दिला.

डॉक्टरने कागद फिरवून पाहिला. “आणि मिनिटकाटा?”

“याला नसतो,” टाउनो म्हणाला.

“कुठल्या घड्याळाला?”

“खांबावरच्या.”

“डॉक्टर, हीटरच्या खांबाचं घड्याळ आहे ते,” मी मध्येच बोलले. “अगदी बरोबर काढलंय. तुम्ही दक्षिणेचे का? तुमच्याकडे खांब नसतात का?”

“असतात,” डॉक्टर म्हणाला. त्याने कागदाच्या कोपऱ्यात काहीतरी बारीक लिहिलं. मी हसले, आणि हसता हसता मला कळेना की हसायचं की नाही. त्या चित्रात एकही चूक नव्हती, आणि तरी ते चुकलं होतं. मी त्याच्याकडे पुन्हा पुन्हा पाहिलं. टाउनो शांत बसला होता, गुडघ्यांवर टोपी ठेवून, बसच्या आगारात साहेबांसमोर बसायचा तसा.

डॉक्टरने दाखला दिला नाही. आणखी एक तपासणी रोव्हानिएमीच्या मोठ्या इस्पितळात, मग ठरवू, तोवर शक्यतो गाडी चालवू नका, असं म्हणाला.

“शक्यतो,” टाउनो बाहेर येऊन म्हणाला. “म्हणजे चालवू की नको?”

“नको.”

“पण शक्यतो म्हणाला.”

आम्ही टॅक्सीने गेलो होतो आणि टॅक्सीनेच परत आलो, कारण त्या सकाळीही गाडी निघाली नव्हती. मी रस्ताभर मनात भांडण रचत होते. नर्सला असं म्हणायचं, मग तसं म्हणायचं. तुझ्यामुळे माझा नवरा वेडा ठरतोय. तुझ्यामुळे तो सकाळी दारात उभा राहून मला विचारतो, की मी लावली होती ना? आठवड्याभरात त्याचा आवाज किती लहान झालाय, ते ऐकलंस का? हे सगळं तिला ऐकवायचं ठरवलं.

त्या संध्याकाळी बातम्या चालू होत्या. हवामान सुरू होताच टाउनो उठला, कोट चढवला.

“आज कुठे? गाडी तर चालवायची नाही,” मी म्हटलं.

“चालवायची नाही म्हणून काय झालं? इंजिन गार पडू द्यायचं का?”

तो गेला. मी टीव्ही बंद केला, स्वयंपाकघरातला दिवा मालवला आणि खिडकीशी खुर्ची ओढली. मी ठरवलं होतं, टाउनो वायर लावून वर आला की नर्स खाली उतरणार आणि मी तिला रंगेहाथ पकडणार. आवारातल्या दिव्याखाली सगळं दिसत होतं. विटकरी गाडी नुकतीच येऊन उभी होती, टपावर बर्फ नव्हता. आमच्या करड्या गाडीवर वीतभर साचला होता.

टाउनो खांबापाशी आला. डब्याचं कुलूप उघडलं. वायर सोडवली. मग तो उजवीकडे वळला.

मला वाटलं, वळसा घालून येईल. तो आला नाही. विटकरी गाडीसमोर वाकला, हातमोजा काढून दातांत धरला, गाडीच्या नाकावरचं टोपण उघडलं आणि वायर आत बसवली. एका झटक्यात, न चाचपडता. मग खांबाकडे येऊन तबकडी फिरवली. मग परत गेला, बाहीने दिव्यांवरचा चिखलबर्फ पुसला, आधी एक दिवा, मग दुसरा. आमच्या जुन्या गाडीचे दिवे तो असेच पुसायचा. निघताना त्याने बॉनेटवर हात ठेवला, घटकाभर ठेवलाच. दातांतला मोजा खाली पडला, तो त्याला कळला नाही.

करड्या गाडीकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

मी खुर्चीत बसून राहिले. मला चोर दिसला होता, आणि आता मला तो नको होता.

तो वर आला, गाल लाल, तोंडावर समाधान. “लावली,” म्हणाला आणि आंघोळीला गेला. मी कोट घेतला. वायर काढून आपल्या गाडीला लावायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं. रोज तो वर आला की आपण खाली जायचं आणि वायर इकडची तिकडे करायची. कुणाला कळायचं नाही. मार्यूतला नाही, डॉक्टरला नाही, त्याला तर नाहीच. आमचं उरलेलं आयुष्य मी असंच रेटून नेलं असतं, इतकी माझी त्या क्षणी तयारी होती.

खाली खांबापाशी नर्स उभी होती. उंच, डोळ्यांखाली काळं, कामाच्या कपड्यांवर जाड कोट. तिच्या हातात टाउनोचा मोजा होता.

“तुम्ही हेल्वी ना? मी रीक्का,” ती म्हणाली आणि लाजली. “मला कधीचं तुमच्याकडे यायचं होतं. पण मी पहाटे निघते, येते तेव्हा मेलेली असते. पोळ्या आवडल्या का? लोणी कमी पडलं होतं.”

मी रचलेलं सगळं भांडण फुकट गेलं.

“तुमच्या नवऱ्याचे उपकार कसे फेडू तेच कळत नाही,” ती बोलत होती. “मी कोटकाची, समुद्रकाठची. तिकडे असली थंडी नाही. पहिल्याच आठवड्यात वाटलं, गाडी निघायची नाही, नोकरी जाणार. माझे पेशंट सगळे एकटे राहणारे म्हातारे, मी गेले नाही तर औषध कोण देणार? आणि सकाळी बघते तर गाडीला तुमच्या डब्यातली वायर! इंजिन गरम! मी केयोला काही बोलले नाही. म्हटलं, इथे उत्तरेत करत असतील असं एकमेकांसाठी, आणि केलेलं बोलून दाखवत नसतील. मग आपणही बोलायचं नाही. मी फक्त वायर नीट गुंडाळून ठेवते. बरोबर करते ना?”

“बरोबर,” मी म्हटलं.

“त्यांना त्रास होत नाही ना? रोज?”

“नाही,” मी म्हटलं. “तो असाच आहे.”

एवढंच बोलले आणि मोजा घेऊन वर आले. तिच्या गाडीतून वायर उपसायचा धीर मला झाला नाही. रात्रभर करडी गाडी थंडीत राहिली, आणि मी जागी राहून विचार करत होते की सकाळी तो दारातून तेच म्हणाला तर काय करायचं.

पण सकाळी तो खाली गेलाच नाही. ‘शक्यतो’ हा शब्द त्याला आठवला असावा. दुपारी, जेव्हा आकाश तासभर निळसर होतं आणि मग पुन्हा मिटतं, तेव्हा आम्ही दोघं दुकानात जायला निघालो, पायी. रीक्काची सुट्टी होती. ती गाडीच्या टपावरचं बर्फ झाडत होती. मी टाउनोचा दंड धरून घाई केली, पण तिने आम्हाला पाहिलं.

“टाउनो!” ती हसत पुढे आली. “एकदा तरी तोंडाने आभार मानू द्या मला. रोज माझ्या गाडीला वायर लावता. तुमच्यामुळे पहिल्या फटक्यात निघते.”

टाउनो थांबला. त्याने तिच्याकडे पाहिलं. मग विटकरी गाडीकडे. मग खांबाकडे, मग करड्या गाडीकडे, तिच्यावरच्या बर्फाकडे. मग पुन्हा विटकरी गाडीकडे. मी त्याचा दंड सोडला नाही. मला वाटलं, आता ओरडेल, किंवा खाली बसेल, किंवा मला विचारेल.

त्याने घसा साफ केला.

“डिझेल गार असताना चालू करू नये,” तो रीक्काला म्हणाला. “आतून घासतं. तुला ऐकू येत नाही, पण तिला लागतं.”

“मला माहीत नव्हतं,” रीक्का म्हणाली.

“तू दक्षिणेची आहेस. तुला कसं माहीत असणार? तू औषधं द्यायला जातेस ना? मग उशीर होऊन चालायचा नाही.”

“नाही चालायचा.”

“हं,” टाउनो म्हणाला, आणि आम्ही दुकानात गेलो. त्याने दूध घेतलं, पाव घेतला, काहीही विसरला नाही.

घरी आल्यावर त्याने कोट काढला आणि खिशातून करड्या गाडीची किल्ली काढून माझ्या कॉफीच्या कपाशेजारी ठेवली. हळू ठेवली, आवाज न करता.

“वायर मीच काढत होतो ना?” तो म्हणाला.

“काढत नव्हतास. लावत होतास.”

“पण दुसऱ्याच्या गाडीला.”

“हो.”

तो खिडकीपाशी गेला. “हेल्वी, मला खरंच कळलं नाही गं. हात तिकडेच जात होते. मी त्यांच्या मागे जात होतो.” मग म्हणाला, “बसमध्ये कधी असं झालं असेल का? मुलं असायची बसमध्ये.”

“कधीच नाही,” मी म्हटलं. “तुझ्या बसवर लोक घड्याळ लावायचे.”

मी त्याला जवळ घेतलं आणि रडले. तो रडला नाही, माझी पाठ थोपटत राहिला. पाठ थोपटणाऱ्या त्या हातांना कसलीही शंका नव्हती.

रोव्हानिएमीला आम्ही गेलो, पण लायसन्ससाठी नाही, औषधासाठी. करडी गाडी मार्यूत घेऊन गेली. आम्ही परतलो तेव्हा केयो रीक्काच्या डब्याची नवी किल्ली घेऊन आला होता. तो मला जिन्यात म्हणाला, “आता तुमची जागा सोडायची ना? वाट बघणारे आहेत.” मी म्हटलं, “जागा दे कुणाला हवी तर, डबा आमचाच राहील.” केयोने नाक खुपसायला तोंड उघडलं, माझा चेहरा पाहिला आणि मिटलं. आमची वायर कुठल्या गाडीला लागते ते त्यानेही पाहिलं असणार; ती नवी किल्ली त्याने आपल्याच खिशात ठेवली. जागाही अजून कुणाला दिलेली नाही. तिच्यात गुडघाभर बर्फ आहे.

बातम्या संपल्या की टाउनो कोट चढवतो. मी आता टीव्ही बघत नाही, खिडकीशी उभी राहते. तो खांबापाशी जातो, उजवीकडे वळतो, दिवे पुसतो. ती गाडी कुणाची आहे हे त्याला त्या वेळी ठाऊक असतं की नाही, मला खरंच सांगता येत नाही. काही संध्याकाळी वर येऊन म्हणतो, “त्या पोरीची गाडी लावली.” काही संध्याकाळी म्हणतो, “आपली गाडी लावली.” मी दोन्हीला हो म्हणते.

पहाटे खाली इंजिन सुरू होतं. मी झोपेत नसते, तोही नसतो. एकदा घरघर, आणि लगेच सरळ आवाज.

“पहिल्या फटक्यात,” तो अंधारात म्हणतो, कूस बदलतो आणि झोपतो.

आज मी त्यानंतर उठले, पेपर आत घ्यायला दार उघडलं. मुठीला लाल काठाचा मोजा अडकवलेला होता, कोरडा, घरातल्या हीटरवर वाळवलेला, अजून थोडा ऊन. मी तो घेतला आणि टाउनोच्या कोटाच्या खिशात, दुसऱ्याच्या शेजारी, तो उठायच्या आत ठेवून दिला.